म्युनिकच्या इंग्लिशर गार्टनमधील चिनी मनोरा

इझारकाठ

म्युनिकमध्ये राहणाऱ्या किंवा येऊन गेलेल्या बहुतेक मराठी मंडळींनी इंग्लिशर गार्टन या मोठ्या बागेतला चिनी मनोरा पाहिलेला असतो. मात्र पाहिलेला असतो म्हणजे त्याच्या पायथ्याच्या बिअरगार्डनमध्ये बसून खाणेपिणे झालेले असते आणि मनोऱ्याकडे पाठ करून एक छायाचित्र काढलेले असते. परतल्यावर लिहिल्या जाणाऱ्या प्रवासवर्णनांतही त्याची बोळवण एका वाक्यात होते. या वास्तूपाशी थोडे थांबावे, तिच्याभोवती एक सावकाश फेरी मारावी आणि तिची कुळकथा जाणून घेऊन मग ती पाहावी, असे मला मनापासून वाटते. म्हणून हा धागा काढत आहे.

मनोरा २५ मीटर उंच असून संपूर्ण लाकडी आहे. त्याचे पाच मजले वर जाताना आक्रसत जातात. तळाचा व्यास १९ मीटर आहे, तर सर्वांत वरच्या मजल्याचा अवघा ६ मीटर. प्रत्येक मजल्याला स्वतंत्र छप्पर आहे, छपरांच्या कडा वर वळलेल्या आहेत आणि त्या कडांना छोट्या सोनेरी घंटा टांगल्या आहेत. मजल्यांना भिंती नाहीत, केवळ खांब आणि कठडे आहेत, त्यामुळे दुरून पाहतानाही मनोऱ्याच्या आरपार मागची झाडे दिसतात आणि एवढी मोठी वास्तू असूनही ती जड वाटत नाही. बाकांवरून उठून अगदी खाली जाऊन वर पाहिले, तर तुळया आणि खांब एकमेकांत कसे बसवले आहेत ते नीट दिसते. माझ्या मते मनोऱ्याचे खरे दर्शन तिथून होते, आणि नेमके तिथे फारसे कोणी जात नाही.

आता तो तिथे कसा आला ते सांगतो. जुलै १७८९ मध्ये पॅरिसमध्ये बास्तीयचा (बॅस्टिलचा) तुरुंग पडला आणि त्याच वर्षी १३ ऑगस्टला म्युनिक ज्याची राजधानी होती त्या बव्हेरियाचा इलेक्टर (राज्यकर्ता) कार्ल थिओडोर याने इझार नदीकाठचे आपले शिकारीचे रान म्युनिकच्या नागरिकांसाठी बागेत रूपांतरित करण्याचा हुकूम काढला. म्युनिकची वस्ती तेव्हा सुमारे ४०,००० होती आणि राज्यकर्ता तिथे फारसा लोकप्रिय नव्हता. कल्पना होती बेंजामिन थॉम्प्सन याची. मॅसॅच्युसेट्समध्ये जन्मलेला, अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात इंग्रजांच्या बाजूने राहिलेला आणि पुढे बव्हेरियाच्या लष्कराची घडी बसवणारा हा माणूस काउंट रम्फर्ड या नावाने ओळखला जातो. विज्ञानाचे विद्यार्थी त्याला वेगळ्या कारणाने ओळखत असतील; म्युनिकच्या शस्त्रागारात तोफांच्या नळ्या कोरताना निघणाऱ्या उष्णतेचा अभ्यास करून, उष्णता ही कुठला द्रव नसून गतीचेच एक रूप आहे, असे प्रतिपादन त्याने १७९८ मध्ये केले. शांततेच्या काळात सैनिकांनी भाजीपाला पिकवावा म्हणून त्याने सैनिकी बागा सुरू केल्या होत्या आणि त्यांतूनच सर्वांसाठी मोठ्या बागेचा विचार पुढे आला. बागेची आखणी फ्रीडरिश लुडविग फॉन स्केल याने केली. चिनी मनोऱ्याचा आराखडा मानहाइमच्या जोसेफ फ्राय या लष्करी वास्तुकाराचा आणि प्रत्यक्ष बांधकाम योहान बाप्टिस्ट लेखनर याचे. १७८९–९० मध्ये मनोरा उभा राहिला आणि १७९२ मध्ये बाग लोकांसाठी खुली झाली. बागेतील सुरुवातीच्या वास्तूंपैकी ही एक आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

त्याचा नमुना होता लंडनच्या क्यू उद्यानातील मोठा पॅगोडा, आणि क्यूच्या पॅगोडामागे होता चीनमधील नानजिंगचा पोर्सेलिनचा (चिनी मातीचा) मनोरा. म्हणजे म्युनिकच्या सुतारांनी जे उभे केले ते नकलेवरून केलेली नक्कल होती. त्यामुळे त्याला हलके लेखावे असे मला वाटत नाही. उलट एक आकार इतक्या हातांतून इतक्या दूर कसा पोचला, हे इथे डोळ्यांनी पाहता येते. ज्यांनी क्यू किंवा चीनमधील मनोरे पाहिले आहेत, त्यांनी कृपया भर घालावी.

ओसरी

धागा अगदी वेळेवर आला. सप्टेंबरमध्ये माझे आई-बाबा आमच्याकडे येत आहेत आणि त्यांना एक दिवस इंग्लिशर गार्टनमध्ये न्यावे असे मनात आहे. बाबांना इतिहासाची आवड आहे, त्यामुळे वरची सर्व माहिती मी त्यांना आधीच वाचून दाखवणार आहे. दोन शंका मात्र आहेत. आईला गुडघ्यांमुळे फार चालवत नाही, आणि दोघेही शाकाहारी असून मद्य घेत नाहीत. चारही बाजूंनी बिअरचे टेबल असलेल्या ठिकाणी त्यांना अवघडल्यासारखे होईल का? मनोऱ्यावर चढता येते का, हेही कोणी सांगावे.

टेम्सकाठ

क्यूविषयी मी लिहितो, कारण ते उद्यान आमच्या घरापासून जवळ आहे आणि पाहुणे आले की तिथे जाणे होतेच.

तिथला पॅगोडा राजमाता ऑगस्टा हिच्यासाठी विल्यम चेंबर्स या वास्तुकाराने बांधला आणि तो १७६२ मध्ये पूर्ण झाला. तो विटांचा व अष्टकोनी असून जवळजवळ ५० मीटर उंच आहे, म्हणजे म्युनिकच्या मनोऱ्याच्या दुप्पट. चेंबर्स तरुणपणी स्वीडनच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवरून चीनला गेला होता आणि तिथल्या इमारतींच्या आराखड्यांचे पुस्तक त्याने १७५७ मध्ये प्रसिद्ध केले होते. त्या काळच्या युरोपात चीनवर अधिकाराने लिहिणारे बहुतेक लोक चीनला गेलेलेच नव्हते. त्यांच्या तुलनेत चेंबर्सचा अनुभव खरा होता. पण तो ग्वांगझूला गेला होता, नानजिंगला नाही. नानजिंगचा मनोरा युरोपला ठाऊक झाला तो योहान न्यूहॉफ या डच प्रवाशामुळे. डच ईस्ट इंडिया कंपनीच्या वकिलातीबरोबर तो चीनमध्ये गेला आणि त्याचे सचित्र प्रवासवर्णन १६६५ मध्ये निघाले. त्यातील चित्रात नानजिंगच्या मनोऱ्याला दहा मजले दाखवले आहेत. प्रत्यक्षात ते नऊ होते. चीनमध्ये अशा मनोऱ्यांचे मजले बहुधा विषम संख्येत असतात, आणि क्यूच्या पॅगोडाला मात्र दहा मजले आहेत. चित्रातली चूक विटांमध्ये कायमची बसली असावी, असा तर्क अभ्यासक करतात आणि मला तो पटतो. या दृष्टीने म्युनिकच्या पाच मजल्यांचा मनोरा चिनी रीतीच्या अधिक जवळ आहे, असे म्हणता येईल.

क्यूच्या छपरांच्या कोपऱ्यांवर मुळात रंगवलेले ८० लाकडी ड्रॅगन होते. १७८४ मध्ये छपरांची दुरुस्ती निघाली तेव्हा ते उतरवले गेले आणि पुन्हा चढलेच नाहीत. २०१८ मध्ये मोठ्या जीर्णोद्धारानंतर ते परत आले. सर्वांत खालच्या छपरावरचे लाकडात हाताने कोरलेले आहेत, तर वरचे त्रिमितीय मुद्रणयंत्रावर तयार केलेले आहेत, जेणेकरून जुन्या छपरांवर भार पडू नये. जमिनीवर उभे राहून पाहणाऱ्याला फरक कळत नाही. आत २५३ पायऱ्या आहेत आणि पॅगोडा खुला असतो त्या काळात वर जाता येते. दुसऱ्या महायुद्धात या पॅगोडाच्या प्रत्येक मजल्याच्या जमिनीला भोक पाडून वरून बॉम्बचे नमुने खाली सोडून पाहत असत. बागेत बसायला बांधलेल्या वास्तूचा असाही उपयोग झाला, हे जिना चढताना आठवले की अंगावर काटा येतो.

पूर्वरंग

इझारकाठ, लेख अभ्यासपूर्ण आहे, यात शंका नाही. तरीही एक आक्षेप नोंदवतो. मी नोकरीनिमित्त काही वर्षे सुझोऊमध्ये राहिलो आहे आणि तिथून नानजिंगला अनेकदा जाणे झाले आहे. सुझोऊचा उत्तर मंदिराचा नऊ मजली मनोरा मी रोज कामावर जाताना पाहत असे. त्यामुळे म्युनिकला गेलो तेव्हा माझी निराशा झाली, आणि ती का झाली हे इथे सांगणे इतरांच्या उपयोगी पडेल.

चीनमधील मनोरा हा मुळात बौद्ध विहाराचा भाग असतो. त्याच्या पायाखाली किंवा पोटात अस्थी, ग्रंथ किंवा पूजनीय वस्तू ठेवलेल्या असतात आणि त्या जपण्यासाठीच तो बांधलेला असतो. लाकडी मनोऱ्यांची रचना पाहायची असेल तर शान्शी प्रांतातील यिंगश्येनचा मनोरा पाहावा. तो १०५६ मधला आहे, सुमारे ६७ मीटर उंच आहे आणि खांबांच्या माथ्यावर एकात एक अडकवलेल्या लाकडी कंसांच्या थरांनी त्याची अवजड छपरे तोलून धरली आहेत. भूकंप, वादळे आणि लढाया सोसून तो उभा आहे. म्युनिकच्या मनोऱ्यात ना पूजास्थान आहे ना ती कंसांची रचना. युरोपीय सुताराने आपल्या ओळखीच्या पद्धतीने उभारलेला तो सांगाडा आहे आणि त्यावर चिनी वाटावी अशी छपरे चढवली आहेत. वर पहिल्या मजल्यावर बव्हेरियाचा वाद्यवृंद वाजत असतो. चीनची वास्तुकला पाहण्याच्या इच्छेने जो तिथे जाईल त्याच्या हाती काही लागणार नाही, हे आधीच स्पष्ट सांगितलेले बरे.

नानजिंगविषयी थोडे. पोर्सेलिनचा मनोरा मिंग घराण्याच्या योंगल सम्राटाने पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधवला. त्याचा दर्शनी भाग पांढऱ्या पोर्सेलिनच्या विटांचा होता आणि रात्री त्यात दिवे लावत. १८५६ मध्ये ताइपिंग बंडाच्या धामधुमीत तो नष्ट करण्यात आला. आज त्या जागी पोलाद आणि काचेचा नवा मनोरा उभा आहे, तो २०१५ मध्ये खुला झाला. म्हणजे ज्या मूळ वास्तूवरून क्यू आणि म्युनिक निघाले असे आपण म्हणतो, ती आता कोणालाच पाहता येत नाही.

इझारकाठ

टेम्सकाठ, दहाव्या मजल्याची हकीकत फार मोलाची आहे. पूर्वरंग, आपल्या आक्षेपातील तपशील मला मान्य आहेत आणि यिंगश्येनचा उल्लेख आपण केलात ते उत्तम झाले. चीनची वास्तुकला शिकण्यासाठी म्युनिकला जावे, असे मीही म्हणणार नाही. ही वास्तू अठराव्या शतकातील युरोपाविषयी बोलते, आणि ते बोलणे ऐकण्यासारखे आहे, एवढेच माझे म्हणणे.

त्यासाठी याच शहरातील दुसऱ्या एका वास्तूचा दाखला देतो. म्युनिकच्या पश्चिमेला निम्फेनबुर्ग राजवाड्याच्या बागेत पागोडेनबुर्ग नावाची छोटी दुमजली हवेली आहे. इलेक्टर माक्स एमानुएल याच्यासाठी जोसेफ एफनर याने ती १७१६ ते १७१९ या काळात बांधली. तिला नाव पॅगोडाचे असले तरी बाहेरून तिच्यात चिनी असे जवळजवळ काही नाही. आत तळमजल्यावर भिंतींना निळ्या-पांढऱ्या डच फरशा आहेत आणि वर पौर्वात्य धर्तीची सजावट आहे. बागेत खेळून दमलेल्या राजाने आणि त्याच्या दरबाऱ्यांनी घटकाभर विसावण्याची ती जागा होती. तेव्हा चीनची हौस ही राजेरजवाड्यांची खासगी हौस होती. पोट्सडामच्या सांसूसी बागेतील चिनी घर घ्या किंवा क्यूचा पॅगोडा घ्या, मालक राजघराण्यातलाच.

पागोडेनबुर्गनंतर सत्तर वर्षांनी त्याच शहरात, त्याच गादीवरच्या राज्यकर्त्याने जो मनोरा बांधवला तो कुंपणाबाहेरच्या लोकांसाठी होता. शिवाय तो खुला होता; खाली सावली, वर वाद्ये आणि भोवती माणसे. हौस तीच राहिली, पण तिच्यावरचा हक्क बदलला. म्हणून वाद्यवृंद वाजत असतो हे मला त्या मनोऱ्याचे वैगुण्य वाटत नाही. माणसांनी भरून जाण्यासाठीच तो बांधलेला आहे.

घाटमाथा

मी व्यवसायाने वास्तुविद आहे, म्हणून एका मुद्द्याची भर घालतो, जो आतापर्यंत कोणी मांडलेला नाही. आज आपण पाहतो तो मनोरा १७९० चा नाही. १३ जुलै १९४४ रोजी हवाई हल्ल्यानंतर तो जळून गेला, आणि सप्टेंबर १९५२ मध्ये मूळ रूपाबरहुकूम पुन्हा उभा राहिला.

युद्धात उद्ध्वस्त झालेल्या म्युनिकने आपल्या इमारतींचे काय करायचे, याची वेगवेगळी उत्तरे दिली आणि ती सर्व एका दिवसाच्या पायी फेरीत पाहता येतात. आल्टे पिनाकोटेक या चित्रसंग्रहालयाच्या दुरुस्तीत हान्स डोलगास्ट याने बॉम्बने पडलेले भगदाड साध्या विटांनी भरले आणि ते भरल्याची खूण मुद्दाम राखली. नवा भाग नवा म्हणूनच दिसतो. झीगेसटोर ही विजयकमान तर बागेपासून अगदी जवळ आहे. तिची दक्षिण बाजू पूर्वीसारखी न सजवता साधी ठेवली आहे आणि तिच्यावर लिहिले आहे की ही कमान विजयाला अर्पण केलेली, युद्धाने उद्ध्वस्त केलेली आणि शांततेची आठवण देणारी आहे. चिनी मनोऱ्याच्या बाबतीत मात्र शहराने जखमेची कोणतीही खूण ठेवली नाही. होता तसा उभा केला.

तिन्ही निर्णय मला आपापल्या जागी योग्य वाटतात. दगडी कमान जखम मिरवू शकते. जळलेल्या लाकडी मनोऱ्याचे मात्र काहीच उरत नाही. एक तर तो पुन्हा बांधायचा किंवा जागा रिकामी सोडायची. आपल्याकडे शनिवारवाडा १८२८ मध्ये जळाला आणि त्याची दगडी जोती व तटबंदी तेवढी राहिली. आत काय होते ते आज तज्ज्ञांनाच कल्पनेने सांगावे लागते. म्युनिककरांनी घरांची टंचाई असताना, युद्ध संपून सात वर्षे झाली असताना, बागेतला एक लाकडी मनोरा पुन्हा बांधण्यासाठी लाकूड, पैसा आणि मनुष्यबळ दिले. इझारकाठ यांच्या म्हणण्याला यापेक्षा मोठा पुरावा मी देऊ शकणार नाही. ज्या गोष्टीवर लोकांचे प्रेम नसते ती लोक पुन्हा बांधत नाहीत.

पूर्वरंग यांना विनंती, की पुढच्या वेळी जाल तेव्हा १९५२ च्या सुतारकामाकडे त्या नजरेने पाहावे.

लेणीवाट

चर्चा चीनपर्यंत गेली आहे, तर आणखी एक पाऊल मागे जातो, कारण तिथे आपल्या ओळखीचा प्रदेश लागतो.

चीनमधील मनोऱ्याची मुळे शोधताना अभ्यासक दोन गोष्टींकडे बोट दाखवतात. एक म्हणजे हान काळापासून तिथे बांधले जाणारे बहुमजली लाकडी टेहळणी मनोरे, आणि दुसरी म्हणजे भारतातून बौद्ध धर्माबरोबर गेलेला स्तूप. स्तूपाच्या अंडावर, म्हणजे घुमटावर, हर्मिका (चौकोनी कठडा) आणि तिच्यावर छत्र असते. गांधार प्रदेशात स्तूप उंच होत गेले, त्यांवरील छत्रांची संख्या वाढत गेली आणि एकावर एक छत्रांचा सुळका तयार झाला. चीनमध्ये या दोन्ही परंपरा मिसळल्या. हनान प्रांतात सोंगशान डोंगरातील सोंगयुए मंदिराचा विटांचा मनोरा इसवी सन ५२३ च्या सुमाराचा मानतात आणि तो आज उभ्या असलेल्या अशा मनोऱ्यांत फार जुना आहे. त्याच्या माथ्यावर पाहिले तरी स्तूपाची आठवण होते.

आता हे छत्र प्रत्यक्ष लाकडात पाहायचे असेल, तर लोणावळ्याजवळच्या कार्ल्याच्या चैत्यगृहात जावे. दगडात कोरलेल्या त्या स्तूपावर आजही लाकडी छत्र आहे, आणि छताच्या लाकडी कमानीही जुन्याच टिकून आहेत. लेणे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे. एकवीरेच्या दर्शनाला येणारे असंख्य लोक त्या चैत्यगृहाच्या दारावरून जातात. त्यांतील जे आत येतात ते बहुतेक खांबांवरील हत्ती पाहून परत फिरतात. अगदी टोकाला, स्तूपाजवळ जाऊन मान वर करावी लागते.

कार्ल्याचे छत्र आणि म्युनिकचा मनोरा यांचा थेट संबंध जोडण्याचा माझा हेतू नाही. मधे अनेक देश, अनेक शतके आणि दोन-तीन गैरसमज आहेत. परंतु छपरावर छप्पर चढवत माथ्याकडे आक्रसत जाणारा जो आकार म्युनिकमध्ये दिसतो, त्याच्या पूर्वजांत आपल्या स्तूपावरील छत्रावळ आहे, एवढे निश्चित. ओसरी यांच्या बाबांना इतिहासाची आवड असेल, तर त्यांना हा धागा नक्की आवडेल.

पूर्वरंग

लेणीवाट, सोंगयुएचा उल्लेख केलात याचा आनंद झाला. मी तो मनोरा पाहिला आहे. बारा बाजूंचा आहे आणि छपरांच्या कडा इतक्या जवळजवळ आहेत की लांबून त्याची बाह्यरेषा कणसासारखी भरीव दिसते.

घाटमाथा, आपण मांडलेली १९५२ ची बाजू माझ्या विचारात नव्हती आणि तिचे वजन मोठे आहे. नानजिंगचा मनोरा पुन्हा उभा राहायला दीडशेहून अधिक वर्षे लागली, आणि तोही वेगळ्या साहित्यात, वेगळ्या रूपात आला. म्युनिकने आठ वर्षांत आणि लाकडातच बांधला. तरीही माझा मूळ आग्रह कायम आहे. तिथे जाणाऱ्याला, विशेषतः मुलांना, चीनमधले मनोरे असेच असतात असे सांगू नये. यिंगश्येनचे एखादे छायाचित्र फोनवर सोबत न्यावे आणि समोर उभे राहून दोन्ही पाहावे.

चैत्रपालवी

मी बरीच वर्षे म्युनिकमध्ये आहे आणि इथल्या कोखरलबाल या नाचाविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून लिहिते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस म्युनिकमधील स्वयंपाकिणी, मोलकरणी, दाया, घरगडी आणि शिपाई उन्हाळ्यातील रविवारी पहाटे पाच वाजता या मनोऱ्यापाशी जमत आणि आठ वाजेपर्यंत नाचत. वेळ पहाटेची, कारण त्यानंतर त्यांना मालकांच्या घरी कामाला आणि चर्चला जायचे असे. चांगल्या हवामानात हजारो लोक येत. १९०४ मध्ये अधिकाऱ्यांनी नीतिमत्तेचे कारण देऊन त्यावर बंदी घातली. बागेला २०० वर्षे झाली तेव्हा, १९८९ मध्ये, हा नाच पुन्हा सुरू झाला आणि आता तो दर वर्षी जुलैच्या तिसऱ्या रविवारी सकाळी सहाला सुरू होतो. इझारकाठ यांनी हौसेवरचा हक्क बदलल्याचे लिहिले आहे. तो हक्क मोलकरणींपर्यंत पोचला आणि मग काढूनही घेतला गेला, हे त्या इतिहासाचे पुढचे पान आहे.

मी गेले तेव्हा अजून नीट उजाडलेही नव्हते. लोक जुन्या काळचे पोशाख करून आले होते, कोणी स्वयंपाकिणीचे पांढरे एप्रन, कोणी चामडी अर्धी विजार, आणि कित्येक टेबलांवर घरून आणलेले मेणबत्त्यांचे उंच स्टँड लावलेले होते. मनोऱ्याच्या पहिल्या मजल्यावरून वाद्यवृंद वाजवत होता आणि वरून नृत्याच्या चाली पुकारल्या जात होत्या, त्या ऐकून अनोळखी माणसे एकमेकांचे हात धरून रांगा करत होती. पोल्का आणि लेंडलर मला थोडे जमले. त्स्वीफाखर या प्रकारात ताल मधेच बदलतो, तो काही पायात बसेना, पण शेजारच्या आजींनी हाताला धरून फिरवून घेतले. ज्यांना आधी शिकायचे असेल त्यांच्यासाठी आदल्या आठवड्यांत वर्गही असतात. मनोरा कशासाठी आहे हे मला त्या सकाळी कळले.

ओसरी, आता तुमच्या शंका. अवघडल्यासारखे अजिबात होणार नाही. इथे आजी-आजोबा, बाबागाड्या, अभ्यासाची पुस्तके घेऊन बसलेले विद्यार्थी, सर्व असतात. पेये तिथेच घ्यावी लागतात, पण ज्या टेबलांवर कापड घातलेले नसते तिथे घरचे खाणे घेऊन बसण्याची बव्हेरियात रीतच आहे. १८१२ मध्ये राजाने बिअर बनवणाऱ्यांना आपल्या साठवणीच्या तळघरांवर बिअर विकण्याची मुभा दिली पण जेवण विकू दिले नाही, तेव्हापासून ती चालत आली आहे. आम्ही पोळी-भाजी आणि कोथिंबीर वडी नेतो. बाबांना सफरचंदाचा रस आणि सोडा एकत्र केलेले आपफेलशोर्ले घेऊन द्या. ग्लासबरोबर अनामत रक्कम घेतात, ती ग्लास परत केल्यावर मिळते, त्यामुळे टोकन दिले तर ते सांभाळून ठेवा. विकतचे घ्यायचे असेल तर मोठी ब्रेझे (पीळ दिलेला खारा पाव), मुळ्याच्या चकत्या, ओबाट्स्डा हे चीजचे मिश्रण आणि सफरचंदाच्या गोड चटणीबरोबर मिळणारे बटाट्याचे घावन शाकाहारी असतात. बटाट्याच्या सॅलडविषयी मात्र विचारूनच घ्या, कारण बव्हेरियात त्यात पुष्कळदा मांसाचा रस्सा घालतात.

ओसरी

चैत्रपालवीताई, मनःपूर्वक आभार. बटाट्याच्या सॅलडची गोष्ट सांगितलीत म्हणून वाचलो. आम्ही इतकी वर्षे ते निःशंक मनाने खात आलो होतो. बाबांना लेणीवाट यांचा प्रतिसाद वाचून दाखवला. ते कार्ल्याला तरुणपणी गेले आहेत, पण लाकडी छत्र त्यांनी पाहिलेले नाही, आणि आता परत गेल्यावर प्रथम ते पाहायचे असे त्यांनी ठरवले आहे. चालण्याचे आणि वर चढण्याचे तेवढे सांगा.

इझारकाठ

ओसरी, मनोऱ्यावर लोकांना जाऊ देत नाहीत. पहिला मजला वादकांसाठी असतो. त्यामुळे आईंच्या गुडघ्यांचा प्रश्नच येत नाही, आणि सपाट जागेतून मनोऱ्याभोवती फेरी मारता येते. ५४ आणि १५४ क्रमांकांच्या बस बागेतूनच जातात आणि त्यांचा थांबा मनोऱ्याच्याच नावाचा आहे. भुयारी रेल्वेने आलात तर यू ३ किंवा यू ६ ने गिझेलाश्ट्रासे स्थानकावर उतरून तिथून बस पकडा. दक्षिणेकडून, म्हणजे हाउस देअर कुन्स्ट या कलासंग्रहालयाच्या बाजूने, पायी येण्याचा रस्ताही सुंदर आहे, पण तो लांब पडतो आणि वाटेतल्या कुरणावर उन्हाळ्यात लोक विवस्त्र होऊन ऊन खात पडलेले असतात. इथे ती जुनी आणि मान्य प्रथा आहे. आई-वडिलांना आधी कल्पना द्यावी किंवा बसनेच यावे.

वाद्यवृंद ऐकायचा असेल तर शनिवार-रविवारची दुपार निवडा. मनोरा शांतपणे पाहायचा असेल तर आठवड्यातील मधल्या दिवशी सकाळी या. बिअरगार्डनमध्ये सुमारे ७,००० माणसे बसू शकतात, त्यामुळे सुटीच्या दिवशी खाली उभे राहून वर पाहायलाही जागा मिळत नाही. शेजारी १९१३ चे लाकडी मेरी-गो-राउंड आहे, नातवंडे बरोबर असतील तर ते चुकवू नका. बाबांचे मन रमले तर तिथून दक्षिणेला मोनोप्टेरोस आहे. लेओ फॉन क्लेन्झे याने १८३६ मध्ये पूर्ण केलेले हे ग्रीक धर्तीचे गोल मंदिर टेकाडावर असल्यामुळे थोडा चढ लागेल. आईंना खाली बाकावर बसता येईल.

सप्टेंबरमध्ये चेस्टनटच्या झाडांना भरपूर पाने असतात, त्यामुळे वरचे मजले एका नजरेत दिसत नाहीत. पूर्ण आकृती पाहण्यासाठी थोडे पश्चिमेकडे, मोकळ्या बाजूला सरकावे लागेल. आई-बाबा डिसेंबरपर्यंत राहणार असतील तर ख्रिसमसच्या बाजाराच्या दिवसांत पुन्हा एकदा जा. पाने गळलेली असतात आणि पाचही छपरे तळापासून माथ्यापर्यंत मोजता येतात.